पहिल्या गिअरचा दात

श्वास घ्या, म्हटलं. धरा. आणि नेमका तेवढ्यात माझ्या कोटाच्या खिशातला फोन थरथरायला लागला. यंत्राच्या गार पाटीला छाती टेकवून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शिंप्याने श्वास धरला होता. मी बटण दाबलं, फोटो निघाला, आणि फोनवर कोणाचं नाव आहे ते बघण्याच्या नादात सोडा म्हणायचं राहूनच गेलं. "सोडू का आता?" शिंप्याने घुसमटल्या आवाजात विचारलं तेव्हा भानावर आलो. तीस वर्षं लोकांच्या हाडांचे फोटो काढतोय, असं कधी झालं नव्हतं. फोन गॅरेजवाल्या ताईचा होता. ताई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे, पण तिच्या वडलांमागे ती गॅरेज चालवायला लागली तेव्हापासून सगळे तिला ताईच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. कामाच्या वेळी ती फोन करत नाही. शिंप्याला शर्ट घालायला सांगून मी बाहेरच्या बोळात आलो आणि तिला उलटा फोन लावला.

"काका, मोठे काका आत्ता येऊन गेले," ती म्हणाली. मोठे काका म्हणजे माझा दादा. "प्लास्टरचा पाय घेऊन, भाड्याच्या गाडीतून. म्हणाले, जुना गिअरबॉक्स काढ आणि पाच गिअरचा बसव. मी म्हटलं, बरे आहात ना? तर म्हणाले, मला काय धाड भरलीय."

"काय म्हणाला?"

"तेच तर. मी म्हटलं तुमच्या कानावर घालावं. कापाकापी आहे. दोन सीटच्या मधला पत्रा कापावा लागणार, आणि पत्रा एकदा कापला की कापला. नंतर मला कोणी बोल लावू नका."

मी बरं म्हटलं आणि फोन खिशात टाकला. बोळात बाकांवर माणसं चिठ्ठ्या धरून बसली होती, फिनेलचा वास येत होता. बातमी तशी काहीच नव्हती. एका जुन्या गाडीचा गिअरबॉक्स बदलायचा होता. पण दादाने बदल म्हणावं? चौतीस वर्षं तो वजनमापांचा निरीक्षक होता. दुकानादुकानांतून लोकांची वजनं तपासत फिरला. आमच्या घरात दूध उतू गेलं तर ते किती गेलं हेसुद्धा त्याला कळायचं. निवृत्त झाल्यावर त्याने ती गाडी तिसऱ्यांदा खिळाखिळा सुटी केली आणि मूळ होती तशी करायला घेतली, आणि त्याचं मूळ म्हणजे मूळ. एका काळ्या बटणासाठी आम्ही आठ महिने थांबलो होतो. हुबेहूब तसंच दुसरं बटण मी आणून दिलं होतं, ते त्याने बोटांत फिरवून परत केलं. "याची कड गोल आहे. मुळातली चपटी होती." मी म्हटलं, चालतंय की, कोण बघतंय. तर म्हणाला, "एकदा का चालतंय म्हणायला लागलास ना छोट्या, की सगळंच चालत सुटतं." तो माणूस आज म्हणतोय पेटी काढ. गिअरबॉक्सला तो पेटी म्हणतो. बोळात उभा राहून मला वाटलं, माणूस असा अचानक सैल सोडायला लागतो तेव्हा मनातल्या मनात तो आवराआवर तर करत नसेल?

गाडी घरात आली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि दादा पंचवीसचा. वडील जाऊन तीन महिने झाले होते. एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात ती उभी होती, कोंबड्यांनी तिच्यात घर केलं होतं, आणि दादाने ती दोराने ओढत दारात आणून उभी केली. बसकी, लांब नाकाची, दोन माणसांची गाडी. टपाला कापड, तेही उंदरांनी खाल्लेलं. आई दारात आली, तिने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा दादाकडे. "घरात माणसं तीन आणि गाडी दोघांची," ती म्हणाली. "मी काय बॉनेटवर बसू?" दादाने बाह्या वर केल्या आणि कोंबड्यांची पिसं काढायला लागला. मी पत्र्याचा डबा धरून शेजारी उभा राहिलो. पुढची दोन वर्षं मी तसाच डबा धरून उभा होतो, असं आता वाटतं. वडील गेल्यावर घरात कोणी मोठ्याने रडलं नव्हतं. दादा गाडी घासायचा, मी डब्यात खिळे गोळा करायचो, आणि संध्याकाळी दोघांच्या हातांना एकच वास यायचा. तेवढ्यावर आम्ही ते दिवस काढले. पुढे दादाने लग्न केलं नाही. माझं झालं. माझ्या बायकोला कोणी विचारलं, तुला जाऊ नाही वाटतं, तर ती गाडीकडे बोट दाखवायची. "नाही कशी? ही काय उभी आहे. मोठी जाऊ. सकाळ-संध्याकाळ अंग पुसून घेते आणि कामाला म्हणून हात लावत नाही."

तीन आठवड्यांपूर्वी दादा माझ्या खोलीत आला होता, म्हणजे रुग्णालयातल्या, एक्स-रेच्या. हातात डॉक्टरांची चिठ्ठी आणि डाव्या पायात घरातली चप्पल. रस्त्यावर चपलेत फिरणारा दादा मी कधी पाहिला नव्हता. "दुखतंय का?" मी विचारलं. नाही म्हणाला. "मग आलास कशाला?" तर म्हणाला, "बूट बसेना." पाऊल सुजून टम्म झालं होतं. मी त्याला टेबलावर बसवलं, पाऊल पाटीवर ठेवलं, आणि मी काचेआड गेलो. पडद्यावर फोटो उमटला. पायाच्या मधली दोन हाडं सरळ मोडलेली होती, टोकं एकमेकांवरून सरकलेली. त्या पायावर तो पंधरा दिवस जिने चढत होता. मी बाहेर आलो, त्याच्या तळव्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. तो भिंतीकडे बघत होता. "दाबतोयस की नुसतं बोट ठेवलंयस?" त्याने विचारलं. मी सगळा जोर लावून दाबत होतो, माझा अंगठा पांढरा पडला होता. "ठेवलंय नुसतं," मी म्हटलं. पुढे डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. साखर फार वर्षांची आहे, नसा गेल्या आहेत, हाड जुळेल पण पायातली जाण परत येणार नाही, काचेवरसुद्धा चालाल आणि कळणार नाही. गाडी चालवायची नाही. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "उजवा चांगला आहे ना?" उजवा चांगला होता. क्लच डाव्या पायाने दाबतात. दादाने मान हलवली, एखाद्या दुकानदाराचं वजन कमी भरल्यावर हलवायचा तशी, आणि टोपी घातली.

त्या संध्याकाळी फोनची गोष्ट मी बायकोला सांगितली. ती इस्त्री करत होती. "मग विचार ना भाऊजींना, का म्हणून," ती म्हणाली. मी म्हटलं, विचारतो. "तू जन्मभर विचारतो विचारतो म्हणत आलायस," ती इस्त्री उभी करत म्हणाली. "आणि ते दुसरंही सांगतो सांगतो म्हणत आलायस. सदतीस वर्षं झाली. मी तर आता विसरायला लागले की ते खरंच झालं होतं की नाही."

झालं होतं. मी एकोणीस वर्षांचा होतो, एक्स-रेच्या अभ्यासाला बसलो होतो, आणि माझ्या वर्गातली एक मुलगी, म्हणजे हीच, एकदा म्हणाली होती की टपाशिवायची गाडी आहे म्हणतोस, खरं वाटत नाही. दादा आठवडाभर तपासणीच्या दौऱ्यावर होता. किल्ली कुठे असते ते मला माहीत होतं, आणि त्याच्याशेजारी बसून तीन वर्षं त्याचे हातपाय बघत आलो होतो. त्या गाडीत पहिल्या गिअरचे दात आपणहून जुळत नाहीत. गाडी चालत असताना पहिला टाकायचा तर क्लच दोनदा दाबावा लागतो, मधे इंजिनाला जरासा वेग द्यावा लागतो, इतकाच, त्याहून जास्त नाही आणि कमी नाही, मग गिअरचा दांडा लोण्यात सुरी जावी तसा जातो. दादाचा जायचा. मला वाटलं होतं, बघून येत असेल. येत नाही. चढावर, वळणावर, ती शेजारी केस सावरत हसत असताना मी तो दांडा जोराने पुढे रेटला आणि गाडीच्या पोटातून आवाज आला. दगड खाल्ल्यासारखा. तो आवाज मला कानांनी आला नाही, मनगटातून खांद्यापर्यंत चढला. "काय झालं?" तिने विचारलं. काही नाही, मी म्हटलं. परत येताना प्रत्येक सिग्नलला पहिल्यात गाडी टकटक करत होती, एका फेऱ्यात एक टक, नेमाने. दादाला सांग, ती म्हणाली होती. मी सांगणारच होतो. दादा दौऱ्यावरून आला, आंघोळ केली, जेवला, गाडी घेऊन बाहेर पडला, आणि परत येऊन किल्ली जागेवर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. मग दोन दिवसांनी ब्रेकचं काम आहे म्हणून गाडी आठवडाभर ताईच्या वडलांकडे होती. त्यानंतर दादाने मला कधी गाडी चालवायला दिली नाही. छोट्या, चल, म्हणायचा, आणि मी जाऊन बाजूच्या सीटवर बसायचो. बाजूच्या सीटवर बसून मी आईला दवाखान्यात भेटायला गेलो, स्वतःच्या लग्नाला गेलो. शिक्षा वाजवीच होती, माझी तक्रार नव्हती. पण सदतीस वर्षं कोणी शिक्षेचं नावसुद्धा काढू नये, हे जड जात होतं. कधी कधी दादा चढावर दोनदा क्लच दाबून पहिल्यात यायचा तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचो. टकटक ऐकू यायची नाही, पण मला वाटायचं, तुटका दातसुद्धा दादाच्या हाताखाली निमूट चालतो.

रविवारी मी गॅरेजमध्ये गेलो. गाडी चार लोखंडी घोड्यांवर उचललेली होती, नवा राखी-निळा रंग, आत सीट नाहीत, कार्पेट नाही. दादा आला नव्हता, पाय वर ठेवून पडायला सांगितलं होतं. ताईने शेजारच्या बाकावर दुसरा गिअरबॉक्स आणून ठेवला होता, अगदी साध्या, घराघरांत असलेल्या एका मोटारीचा, आणि मधे घालायची अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेट. "प्लेटने इंजिनाला जुळेल," ती म्हणाली. "मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा चार बोटं कापून परत तोलून घ्यायचा. वेग दाखवणारी तार नवी. बाकी सगळं बसतं. याला कुठलाही गिअर कसाही टाका, मुकाट्याने जातो. शेंबडं पोर चालवील." मग हात पुसत ती थांबली. "पण मला एक कळत नाही काका. मोठ्या काकांचा डावा पाय गेला ना कामातून? मग मी त्यांना म्हटलं, बदलायचीच तर क्लच नसलेली बसवू, ऑटोमॅटिक. मिळतेय माझ्याकडे. दोन पायांचं काम एक पाय करील, तुम्हीच चालवा. तर नको म्हणाले. पाच गिअरचीच, क्लचवाली. क्लच नरम कर म्हणाले. आता नरम असो की कडक, त्यांना काय कळणार?"

मी गाडीखाली सरकलो. वरून ताई बोल्ट सोडत होती, मी खालून जॅक धरला होता, आणि माझ्या डोक्यात तिचं वाक्य हळूहळू फिरत होतं. त्याला स्वतःसाठी नको होती. मग कोणासाठी? घरात गाडीत बसणारी माणसं दोनच. शेवटचा बोल्ट सुटला, गिअरबॉक्स इंजिनापासून बोटभर मागे सरकला, मग हातभर, आणि सगळं वजन जॅकवर आलं. ते वजन माझ्या तळहातांना आधीच माहीत असल्यासारखं वाटलं. आम्ही दोघांनी तो उचलून बाकावर ठेवला. तेल आधीच काढलेलं होतं. "गुंडाळून ठेवण्याआधी बघू तरी आत काय उरलंय," असं म्हणून ताईने झाकण काढलं. बॅटरीच्या उजेडात ओळीने चक्रं चकाकली. मी बघायचं टाळत होतो आणि बघतही होतो. दुसऱ्यांच्या पोटातलं बघणं हा माझा धंदा आहे, पण असं कधी झालं नव्हतं, की आत काय मोडलंय ते आधीच ठाऊक आहे, ते मीच मोडलंय. ताईने दांड्याने शाफ्ट हळूहळू फिरवला. पहिल्या गिअरचं चक्र एक पूर्ण फेरा फिरलं. दात मोजायची गरज नव्हती. सगळे होते.

"हे मुळातलं नाही," ताई म्हणाली आणि वाकली. "थांबा. हे बघा, कडेला दोन ठिपके. हे बाबांचे. बाबा स्वतः बसवलेल्या भागावर पंचने दोन ठिपके मारायचे, उद्या कोणी विचारलं तर आपलं आपल्याला कळावं म्हणून." तिने ठिपक्यांवरून काळं बोट फिरवलं, मग आणखी एकदा फिरवलं. "पण मोठे काका तर म्हणतात गाडीत एक खिळा बदललेला नाही. आणि ही पेटी बाबांनी उघडली होती. कधी?"

कधी ते मला माहीत होतं. ब्रेकच्या कामाच्या आठवड्यात. मी टायरच्या ढिगावर बसलो. सदतीस वर्षं जो तुटका दात मी या गाडीच्या पोटात आहे असं धरून चाललो होतो, तो तिथे फक्त काही दिवस होता. बाकीची सगळी वर्षं तो माझ्याच पोटात होता. ताईने पाणी आणून दिलं. "उन्हाचं काका?" तिने विचारलं. गॅरेजात ऊन नव्हतं, पण मी हो म्हटलं.

तिथून सरळ दादाकडे गेलो. दादा आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहतो. खोल्या कशा, तर कुठलीही वस्तू डोळे मिटून हात घालावा आणि मिळावी अशा. खिडकीशी खुर्चीत बसला होता, प्लास्टरचा पाय स्टुलावर, मांडीवर वर्तमानपत्र. "निघाली?" त्याने विचारलं. निघाली म्हटलं. मी उभाच होतो. वाक्य वाटेत दहा वेळा जुळवलं होतं.

"दादा, पहिल्याचं चक्र बदललेलं आहे."

"हं."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"माहीत नसायला काय झालं?" दादाने वर्तमानपत्राची घडी घातली. "कोपऱ्यावर पोचेपर्यंत कळलं. टकटक करत होती. तेल काढलं तर खाली दात. दुधाचाच होता तुझा." आणि तो हसला, त्याचं ते नाकातून हसणं.

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो. चार दिवस थांबलो, आठ दिवस थांबलो. मग तू असा तोंड पाडून फिरायला लागलास की म्हटलं आता विचारलं तर रडेल. आईला वाटेल मीच काहीतरी बोललो. मग राहिलं. राहून गेलेली गोष्ट छोट्या, तिला मग मुहूर्त मिळत नाही."

मला राग आला. कोणाचा ते कळेना, पण छप्पन्नाव्या वर्षी माझा आवाज एकोणीस वर्षांच्या पोरासारखा फाटला. "पण त्यानंतर एकदाही चालवायला दिली नाहीस मला. एकदाही. सदतीस वर्षं बाजूला बसवलंस."

दादाच्या तोंडावर खरोखरच नवल होतं. मोठ्या काट्यावर लहान वजन टाकल्यावर काटा जागचा हलूच नये, तसा तो जरा वेळ बसला.

"तू मागितलीस कधी?" तो म्हणाला.

खिडकीखालून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी आठवून बघितलं. खरंच, सगळी वर्षं चाळून बघितली. लग्न, दवाखाना, सहली, पेट्रोल भरायला जाणं, धुवायला नेणं. किल्ली दर वेळी त्याच खुंटीला होती. मी मागितली नव्हती. "मला वाटायचं तुला नको आहे," दादा सावकाश म्हणत होता. "त्या आवाजाने धास्ती घेतलीस म्हटलं. म्हणून आग्रह नाही केला. उगाच कशाला माणसाला ओशाळवाणं करा. शेजारी बसायला येत होतास ना नेमाने. मला तेवढं बरं वाटत होतं." मग जरा थांबून, प्लास्टरवर टिचकी मारत, "आता मला जमायचं नाही. आणि तुझा त्या पेटीशी जुना हिशेब. म्हटलं पेटीच बदलू. हिचा पहिला कसाही टाक, जातो म्हणते ताई." मी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसलो. मग त्याने विचारलं, जेवलास का, आणि मी नाही म्हटलं, आणि उठून त्याच्या स्वयंपाकघरात दोघांसाठी ताटं घेतली.

पुढच्या रविवारी तो काठी घेऊन गॅरेजात आला. नवा गिअरबॉक्स इंजिनाला लागला होता, तात्पुरती सीट ठेवली होती. ताईने सांगितलं की गिअरचा दांडा सरळ वर काढला तर जुन्या जागेपेक्षा चार बोटं मागे येईल, पण गरम करून वाकवता येतो, म्हणाल तिथे आणता येतो. दादाने खिशातून खडू काढला. मला वाटलं आता तो फूटपट्टी काढेल, जुनं माप घेईल. "छोट्या, बस आत," तो म्हणाला. मी चालवणाऱ्याच्या सीटवर बसलो. त्या सीटवर बसायची माझी ती दुसरी वेळ. "डोळे मीट. आता हात सैल सोड. नुसता पडू दे. अंग चोरू नकोस." मी हात सोडला. "परत." परत सोडला. तीनदा सोडायला लावलं, आणि तिसऱ्यांदा माझा हात जिथे पडला तिथे त्याने बोटांच्या कडेने खडू फिरवला, हाताला लागू न देता. "दांड्याची मूठ इथे यायला पाहिजे," त्याने ताईला सांगितलं. मी डोळे उघडले. पत्र्यावर माझ्या मुठीएवढं पांढरं अर्धवर्तुळ होतं. ताई म्हणाली, "कापू ना मग? पुन्हा विचारते." दादा म्हणाला, "काप." मशीन सुरू झालं, ठिणग्या उडायला लागल्या, मूळ पत्र्याला भोक पडत गेलं, आणि दादाने नजर हलवली नाही. मला मात्र मान वळवावी लागली. काम झाल्यावर त्याने जुन्या पेटीतलं ते दोन ठिपक्यांचं चक्र मागून घेतलं, फडक्याने पुसलं आणि ताईच्या हातात दिलं. "तुझ्या वडलांचं काम आहे. एवढ्या वर्षांत एकदा कुरकुरलं नाही. ठेव." ताईने ते घेतलं, आणि मग तेरा नंबरचा पाना कुठे गेला म्हणून भलत्याच खणात शोधायला लागली.

सीट, कार्पेट, टप, सगळं व्हायला आणखी सात आठवडे गेले. तोवर दादाचं प्लास्टर निघालं होतं, पायात गुडघ्यापर्यंतचा जाड पट्ट्यांचा बूट आला होता. सकाळी दहाला आम्ही गाडी बाहेर काढली. दादा बाजूच्या सीटवर बसला, म्हणजे बसता बसेना. आधी पाय आत घातला, मग पाठ, मग पुन्हा बाहेर आला. "इथून गाडी वेगळीच दिसते रे," तो म्हणाला. हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. मांडीवर ठेवले, दाराला धरले, शेवटी काठी उभी धरून तिच्यावर ठेवले. बायको फाटकात उभी होती. "भाऊजी, सांभाळून," ती म्हणाली, "याने मागे मला बसवलं होतं तेव्हा काय झालं माहीत आहे ना?" "माहीत आहे," दादा म्हणाला, "तरी तू लग्न केलंस." मी क्लच दाबला. नरम होता, फार नरम. पहिला टाकला. काहीच झालं नाही, म्हणजे आवाज झाला नाही, गाडी निघाली. कोपऱ्यावर सवयीने मी दादाच्या पायाकडे बघितलं. त्याचा जाड बुटातला पाय आपोआप खाली गेला होता, एकदा, मग दुसऱ्यांदा, रिकाम्या पत्र्यावर. त्यालाही ते कळलं नसावं.

गल्ल्या संपेपर्यंत तो बोलत होता. पुढे खड्डा आहे, डावीकडे जागा ठेव, हिचं नाक लांब आहे, तुला वाटतं त्याच्या आधी पोचते. गोदामांच्या भिंती मागे पडल्या, कालव्याचा रस्ता लागला, दोन्हीकडे उंच झाडं. मी तिसरा टाकला, चौथा टाकला, आणि हात पुढे नेऊन पाचवा. पाचवा या गाडीला आयुष्यात कधी नव्हता. इंजिनाची धाप गेली आणि गाडीने मान खाली घालून एकच सूर धरला. वारा कानांवरून जात होता, झाडांच्या सावल्या निळ्या बॉनेटवरून सरकत काचेवर येत होत्या आणि डोक्यावरून मागे जात होत्या. मी मनाशी ठरवलं होतं, पाचव्यात गेलो की दादाला विचारायचं, कसा वाटतो. "दादा," मी म्हटलं. उत्तर आलं नाही. वळून बघितलं.

दादा झोपला होता. डोकं दाराच्या कडेला टेकलेलं, तोंड जरासं उघडं, काठी गुडघ्यांत घसरलेली. मी त्याला झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी मी झोपलो की तो झोपायचा आणि मी उठायच्या आत उठलेला असायचा, आईच्या शेवटच्या दिवसांत तर तो खुर्चीत ताठ बसून रात्री काढायचा आणि मला म्हणायचा, तू पड. त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या आहेत हे मला माहीत नव्हतं. झोपेत त्याच्या कपाळावरची ती मोजमाप करणारी आठी गेली होती आणि तिच्या जागी एक गुळगुळीत, फार तरुण जागा दिसत होती. हात काठीवरून सुटून मांडीवर उताणा पडला होता, बोटं अर्धी मिटलेली. मी आरसा जरा वळवला, ऊन त्याच्या डोळ्यांवर येत होतं ते हललं.

घराकडे जायचं वळण आलं. तिथे वेग कमी करावा लागतो, गिअर खाली आणावा लागतो, इंजिनाचा सूर बदलतो, आणि सूर बदलला की तो जागा झाला असता. बायको वाट बघत असणार, ताईने पहिल्या फेरीनंतर लगेच परत आणा म्हणून बजावलं होतं. मी दांड्यावरचा हात काढून घेतला आणि स्टिअरिंगवर ठेवला. वळण बाजूने निघून गेलं. टाकी अर्धी भरलेली होती आणि पुढचा रस्ता मला माहीत नव्हता, पण दूरवर सपाट दिसत होता. मी पायाचा दाब तेवढाच ठेवला, ना कमी ना जास्त.